पिवळ्याच्या जरा खाली

सकाळी साडेसहाला विहितगावच्या मैदानावर
दहिवर इतकं, की दोरीला मेण दोनदा लावावं लागतं.
माझ्या शेजारी सातवीतली पोरं,
दप्तरं कुंपणाला टांगलेली.
मी एकसष्ट वर्षांची.
पहिल्या दिवशी गांगुर्ड्यांच्या पोरानं विचारलं होतं,
"काकू, कोणाला सोडायला आलात?"

बत्तीस वर्षं नोटांच्या छापखान्यात होते, तपासणीत.
ताव यायचे, ताव जायचे.
माझं काम एवढंच : काय चुकलंय ते बघायचं.
शाई फुटली, आकडा घसरला,
दोन रंगांत केसाएवढी फट,
लाल पेन्सिलीची खूण, आणि पुढचा ताव.
बरोबर नोट कशी दिसते ते मला विचारू नका.
बरोबर नोट मी कधी बघितलीच नाही,
ती हाताखालून नुसती गेली.

आता तोच डोळा धनुष्याला लावलाय.
दोरी हनुवटीला टेकते, नाकाच्या शेंड्याला टेकते,
साईटचा ठिपका वर सरकतो,
काळं, निळं, लाल,
आणि पिवळ्याच्या जरा खाली अडकतो.
वर जाईना.
कोपर उतरलंय. खांदा चढलाय. मनगट वाकडं.
श्वास,
श्वास घेतला होता का मी?
लाल पेन्सिल सुरू.
मग बोटं घाबरतात, माझ्याआधीच सुटतात,
आणि बाण गवतात.
पोरं शोधायला मदत करतात. ते जास्त लागतं.

सुगंधा भोये, माझी कोच, वय तेवीस,
सुरगाण्याकडची, कमी बोलणारी.
तिनं कागदच काढून टाकला.
रंग नाहीत, वर्तुळं नाहीत, नुसता पेंढ्याचा फळा,
आणि मला त्याच्यासमोर चार पावलांवर उभं केलं.
"डोळे मिटा, काकू."
अगं, इथून चुकणार कसं?
"तेच म्हणते. आता चूक शोधा."

अकरा दिवस असेच.
डोळे मिटून दोरी ओढायची,
पाठीची दोन पाती एकमेकींकडे सरकतात
तेवढं ऐकायचं.
वालदेवीकडून धुराचा वास,
रस्त्यानं मेथीवाल्याची हाळी,
आणि देवळालीच्या बाजूनं तोफा.
त्यांचा सराव नेमका आमच्या वेळेला.
एक तोफ झाली की माझे खांदे कानांपर्यंत.
सुगंधा म्हणाली, "दचकता कशाला?
त्या टपालावर तुमचा पत्ता नाही."

घरी दिगंबर विचारायचे, "लागला का?"
"कशाला लागणार? कागदच नाही."
ते पेपर जरा खाली घ्यायचे, परत वर.

बाराव्या दिवशी कागद आला. तीस मीटर.
ठिपका वर सरकला
आणि पिवळ्याच्या जरा खाली थांबला.
मी त्याला ढकललं नाही.
थरथरत होता,
द्राक्षाच्या तारेवर बसलेल्या चतुरासारखा.
थरथरू दे.
कोपर लक्षात आलं, गेलं.
खांदा आला, गेला.
ताव यायचे, ताव जायचे.
लाल पेन्सिल कानामागे होती,
हात तिच्याकडे गेला नाही.
मग तोफ झाली.
बाण तिच्या आधी सुटला की नंतर
ते मला सांगता येणार नाही.
डावा हात तसाच वर, उजवी बोटं मानेपाशी,
कुठंतरी लांब
थड.

तीन बाण. तिन्ही लालमध्ये, आठावर,
एका वाटीत मावतील इतके जवळ.
पिवळं कोरंच.
मी म्हटलं, "खाली गेले."
सुगंधानं माझ्या साईटचा स्क्रू
दोन आटे फिरवला, खाली.
"ठिपका अडकतो ना तिथं? अडकू द्या तिथंच."

बाण काढायला चालत गेले.
दहिवर आता पायांपुरतं उरलेलं.
मागून गांगुर्ड्यांचा पोरगा ओरडला,
"काकू, नाडी सुटलीय!"
कधीपासून रे?
"सकाळपासून."